सात नंबरची गाडी

"राहास?" मी विचारलं.

बाईने मान हलवली. संपले. मग समोरच्या पातेल्यावरचं फडकं बाजूला करून, लहान मुलाला समजावतात तसं हळू म्हणाली, "वेर्दे. रोहो." हिरवी चटणी घातलेले टमाले, लाल चटणी घातलेले. काय ते घे आणि बाजूला हो, मागे रांग आहे.

न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातलं 82व्या स्ट्रीटचं स्टेशन. सकाळचे साडेसात. डोक्यावरच्या लोखंडी पुलावरून सात नंबरची गाडी धडधडत गेली आणि रांगेतलं सगळं बोलणं अर्धा मिनिट थांबलं. गाडी गेल्यावर प्रत्येकाने आपलं वाक्य होतं तिथून पुढे सुरू केलं. रुळांच्या कडेला राहणारी माणसं जगात कुठेही अशीच बोलत असावीत. मी डोंबिवलीची आहे, मला हे शिकवावं लागलं नाही.

2024च्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलीकडे तीन महिने राहायला गेलो. निघण्यापूर्वी आमच्या सोसायटीतल्या, अमेरिकेच्या चार-चार वाऱ्या केलेल्या मंडळींनी बरंच सांगून ठेवलं होतं. बहुतेकांच्या सांगण्याचा अर्थ एकच: मुलं ऑफिसला जातात, आपण घरात बसतो, शनिवार-रविवारी ती गाडीतून कुठेतरी नेतात. सोमवारी पुन्हा खिडकी आणि डिशवॉशर. आमच्या मुलीकडे गाडीच नव्हती. आमची उन्हाळ्याची सुट्टी त्यामुळे वाचली. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई, बँकेचं कार्ड गेटवर टेकवायचं, 2 डॉलर 90 सेंट जातात. आठवड्यात 34 डॉलर झाले की पुढचे प्रवास फुकट. आता तू आणि बाबा बघून घ्या."

चाळीस वर्षं लोकलचा पास काढलेल्या बाईला एवढं पुरे होतं.

सात नंबरची गाडी मॅनहॅटनच्या पश्चिमेकडून निघते, नदीखालून क्वीन्समध्ये शिरते, तिथे जमिनीतून वर येते आणि पुढे जवळजवळ फ्लशिंगपर्यंत रस्त्यांच्या डोक्यावरून धावते. स्टेशनं बावीस. गर्दीच्या वेळी फास्ट आणि स्लो असे दोन प्रकार, हे अगदी घरच्यासारखं. फक्त इथली फास्ट आमच्या स्टेशनावर थांबत नाही. 1928 साली हा मार्ग फ्लशिंगला पोहोचला. ज्या शेतांवरून तो गेला तिथे आधी इमारती आल्या, मग माणसं येत राहिली. क्वीन्समधली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली आहेत, म्हणून या गाडीला 'इंटरनॅशनल एक्सप्रेस' म्हणतात. नाव जरा पर्यटन खात्यातलं वाटतं. गाडीत बसलेल्यांपैकी एकाच्याही तोंडून मी ते ऐकलं नाही.

*

टमाले म्हणजे आपल्या पातोळ्यांच्या दूरच्या मेक्सिकन नात्यातला पदार्थ. हळदीच्या पानाऐवजी मक्याच्या कणसाचं भिजवलेलं साल, तांदळाच्या पिठाऐवजी मक्याचं, आत गूळखोबऱ्याऐवजी कोंबडी किंवा डुक्कर आणि मिरचीची चटणी. वाफवायची रीत तीच. पण पिठाची गोष्ट वेगळी आहे. मक्याचे दाणे आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. पानाला लावतो तोच चुना. त्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ चिकट होऊन नीट मळता येतं, आणि मक्यातलं जे जीवनसत्त्व एरवी अंगी लागत नाही ते लागतं. युरोपीय लोकांनी मका उचलून नेला, चुना तिथेच ठेवला. पुढे निव्वळ मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या सकाळी एवढंच कळलं, की साल उलगडल्यावर येणारा वास ओल्या मातीचा आणि भाजल्या कणसाचा मिळून आहे, आणि हा पदार्थ उभ्यानेच खायचा असतो. पिठात डुकराची चरबी असते, त्यामुळे नवरा चंपुराडोवर थांबला. चंपुराडो म्हणजे चॉकलेट घालून मक्याच्या पिठाने दाट केलेलं गरम पेय. "चॉकलेटची आंबील," असं त्याचं वर्णन. रोज एक ग्लास.

राहास म्हणजे मिरचीचे उभे काप आणि चीज घातलेले टमाले. त्यांची कीर्ती मुलीच्या मैत्रिणीने आमच्या कानावर घातली होती. पण ते सहाच्या सुमारास, बांधकामावर जाणारी माणसं गाडी पकडतात तेव्हाच संपतात. मी साडेसातला उगवणार. तीन महिने हेच चाललं.

या बाईकडे परवाना होता का, ते मी विचारलं नाही. तेवढं स्पॅनिश येत नव्हतं, आणि येत असतं तरी विचारलं नसतं. शहराने 1980च्या दशकात फिरत्या खाद्यविक्रेत्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. जेमतेम तीनेक हजार परवाने, आणि विकणारे त्याच्या कितीतरी पट. मग जे व्हायचं ते झालं. सरकारदरबारी दोनेकशे डॉलर फी असलेला परवाना बाहेर दोन वर्षांसाठी वीस-वीस हजार डॉलर भाड्याने जाऊ लागला. 2021 साली कायदा बदलला आणि दहा वर्षं दरवर्षी 445 नवे परवाने द्यायचं ठरलं. इथून पुढच्या कोरोना भागातल्या चौकातले फेरीवाले तरी 2023च्या जुलैमध्ये उठवले गेलेच. गाडा उचलून नेणारी महापालिकेची माणसं डोंबिवलीकराला नवीन नाहीत. नवीन एवढंच, की इथे त्यांचा गणवेश फार स्वच्छ असतो.

*

आमच्या स्टेशनापासून आठ ब्लॉक मागे चालत गेलं की 74वा स्ट्रीट. जुन्या अमेरिकावाल्यांना हे नाव ऐकलं की भरून येतं. अमेरिकेने 1965 साली आशियाई लोकांवरची बंधनं उठवली, डॉक्टर-इंजिनियरांची पहिली लाट आली आणि प्रेशर कुकर, साडी, हिंगाची डबी यांसाठी ती इथे येऊ लागली. ती पिढी पुढे बंगले घेऊन लाँग आयलंडला आणि न्यू जर्सीला गेली. दुकानं राहिली. आज सोनं आणि साड्या आहेत, किराणा आहे, पण रस्त्यावरचं खाणं बांगलादेशी, नेपाळी आणि तिबेटी हातांत गेलंय. एक पिढी घर बदलते, दुसरी तिच्या चुलीवर आपलं भांडं ठेवते.

73व्या स्ट्रीटवर फुचक्याच्या गाड्या लागतात. फुचका म्हणजे पाणीपुरीच, असं समजून नवरा पुढे झाला. गाडीवाल्याने पुऱ्या फोडल्या, वाटाणा-बटाट्याचं सारण भरलं, कांदा-मिरची पेरली, चिंचेच्या पाण्याची वाटी बाजूला ठेवली, आणि शेवटी किसणी घेऊन सगळ्यावर उकडलेलं अंडं किसलं. डोळ्यांदेखत! सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता. गाडीवाला समजदार. दुसरी प्लेट लावत म्हणाला, "दादा, आपनारटा बिना डिम." अंड्याची प्लेट माझ्याकडे आली. मी स्पष्टच सांगते, अंड्याने फुचक्याचं भलं होतं. चिंचेच्या आंबटाला कुठेतरी टेकायला जागा मिळते.

मोमोवाला नेपाळमधल्या चितवनचा. तरुणपणी पाच वर्षं घाटकोपरला होता, म्हणून आमच्याशी हिंदीत. त्याला विचारलं, इथे इतकी दुकानं असताना तुझ्याकडेच रांग का? "आंटी, मैं तिखा कम नहीं करता," तो म्हणाला. "मॅनहॅटनमें करना पडता है."

मला वाटतं, या गाडीखालच्या सगळ्या खाण्याचं मर्म तेच आहे. इथला विकणारा आपल्याच माणसांसाठी रांधतो. ढाक्याचा फुचकेवाला ढाकेकरांना फसवू शकत नाही. गिऱ्हाईक आईच्या हातचं खाऊन आलेलं असतं आणि चव बिघडली तर तोंडावर सांगतं. जिथे गिऱ्हाईकाला मूळ चव ठाऊकच नसते, तिथे साखर वाढते, मिरची घटते, दिवे मंद होतात आणि बिल येतं. एका वाढदिवसाला मुलीने आम्हाला मॅनहॅटनमध्ये वरच्या मजल्यावरच्या एका ठिकाणी नेलं होतं. दिव्यांचं दृश्य अप्रतिम, मासा बेताचा. मेन्यूतल्या किमतीवर 8.875 टक्के कर, त्यावर टिप. टिपेचा हिशेब तिथले लोक सोपा करतात: कराची रक्कम दुप्पट केली की झाली टिप. नवऱ्याने तो हिशेब नॅपकिनवर मांडला, मग रुपयांत केला, आणि घरी येईपर्यंत बोलला नाही.

*

73व्या स्ट्रीटवरच्या एका दुकानातल्या टीव्हीवर आम्ही 9 जूनचा भारत-पाकिस्तान सामना पाहिला. तो होत होता तासाभराच्या अंतरावर, लाँग आयलंडच्या तात्पुरत्या स्टेडियममध्ये, पण तिकिटांचे भाव ऐकूनच पाऊल मागे आलं होतं. दुकान बांगलादेशी, प्रेक्षकांत दोन्हीकडचे. भारत 119 सर्वबाद झाला तेव्हा आमच्या बाजूचे चहा मागवू लागले. बुमराहचं शेवटचं षटक संपलं तेव्हा पलीकडचे. सहा धावांनी जिंकलो. मालकाने दोन्ही बाजूंकडून चहाचे पैसे घेतले. त्या दुपारचा खरा विजेता तोच.

तीन दिवसांनी भारत विरुद्ध अमेरिका. अमेरिकेकडून नवा चेंडू सौरभ नेत्रावळकरच्या हातात, म्हणजे मुंबईच्या पोराच्या, जो एरवी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. त्याने कोहलीला पहिल्याच चेंडूवर घालवलं, मग रोहितला. दुकानात शांतता. नवऱ्याच्या तोंडून "शाब्बास!" निघून गेलं आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. भारत जिंकला, म्हणून आम्ही सुखरूप घरी आलो.

*

संध्याकाळी 34व्या ॲव्हेन्यूवर. करोनाच्या काळात, 2020 साली, हा रस्ता दिवसा मोटारींना बंद केला आणि नंतरही तसाच ठेवला. सव्वीस ब्लॉक, सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत. मधोमध पोरं सायकल शिकतात, म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन बसतात, कोणीतरी सालसाचे धडे देतं. दोन्ही बाजूंना 1920च्या आसपासच्या विटांच्या देखण्या इमारती, आत बागा. बांधल्या तेव्हा ज्यू आणि काळ्या माणसांना तिथे घर मिळत नसे. आज त्याच इमारतीच्या पायरीवर कोलंबियाची आजी आणि तिबेटची आजी भाषेवाचून भाजीचे भाव बोलतात. जवळच 35व्या ॲव्हेन्यूवर, 81व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, रस्त्याच्या नावाच्या पाटीत अक्षरांखाली बारीक आकडे आहेत. स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स याच वस्तीत राहायचा. मंदीत बेकार झालेला हा आर्किटेक्ट शेजाऱ्यांना जमवून इथल्या चर्चमध्ये खेळ तपासून बघायचा. आकडे त्या अक्षरांचे गुण.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उकाडा वाढला. आमच्या दमट हवेला सरावलेल्या अंगालाही भुयारी स्टेशनांवरची कोंदट वाफ सोसेना. एका दुपारी शेजारच्या गल्लीत आरडाओरडा झाला म्हणून खिडकीतून पाहिलं, तर रस्त्याकडेचा आगीचा बंब भरायचा नळ उघडलेला आणि पोरं त्याखाली. हे चोरून करायची गरज नसते. जवळच्या अग्निशमन केंद्रात एखाद्या मोठ्या माणसाने जाऊन मागितलं की नळाला झारीसारखं तोंड बसवून देतात, तेही फुकट. पाणी कमी जातं, पोरं खूश. त्या दिवशी एक चिनी आजोबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात भाजीची पिशवी घेऊन फवाऱ्यात नुसते उभे होते. पाच मिनिटं. मग पिशवी झटकून निघून गेले. मीही खाली गेले. एवढंच सांगते.

उकाड्यावरचा दुसरा उपाय कोरोनामध्ये. महासाथीने या नावाची बदनामी करण्याच्या कितीतरी आधीपासून ही वस्ती आहे. इथलं 'लेमन आइस किंग' 1944पासून चालतं. इटालियन लोकांचा बर्फ: लिंबाचा रस, साखर, बर्फ, क्वचित लिंबाच्या सालीचा कडवट तुकडा दाताखाली. समोरच्या बागेत इटालियन म्हातारे गोळे टाकून बोची खेळतात. आता त्यांच्यात मेक्सिकन म्हातारेही आलेत. याच कोरोनामध्ये लुई आर्मस्ट्राँगचं घर. हा जगद्विख्यात ट्रम्पेटवादक कुठेही राहू शकला असता, पण 1943पासून मरेपर्यंत, म्हणजे 1971पर्यंत, या साध्या वस्तीतल्या साध्या घरात राहिला. स्वयंपाकघर निळसर हिरवं, चकचकीत. तिथली मुलगी दाखवत असताना मी गुपचूप कपाटांची बिजागरं पाहत होते. उत्तम होती.

*

शनिवारची रात्र एका मोठ्या बागेत भरणाऱ्या क्वीन्स नाइट मार्केटची. 1964च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला पृथ्वीचा पोलादी गोल त्या बागेत अजून आहे, 140 फूट उंच. बागेच्या जागी त्याआधी राखेचे डोंगर होते. शेजारच्या, आता म्युझियम झालेल्या इमारतीत 1946 ते 1950 संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरायची. म्हणजे जग इथे आधी भाषणं द्यायला आलं, जेवायला नंतर. 2015 साली जॉन वांग नावाच्या वकिलाने हा बाजार सुरू केला, तैवानच्या रात्रबाजारांची आठवण मनात ठेवून. अट एकच, पदार्थ स्वस्त हवेत. बहुतेक सगळं पाच-सहा डॉलरांत. त्यामुळे पोट भरलं तरी खिसा म्हणतो, अजून एक. आम्ही तिघांनी मिळून एका रात्री सात देश खाल्ले आणि आठव्यापुढे हात जोडले.

गाडीचं शेवटचं स्टेशन फ्लशिंग. बाहेर पडलं की मेन स्ट्रीट, चिनी पाट्या, मॉलच्या तळघरांतले खाण्याचे गाळे. हाताने ओढून केलेल्या शेवया मी इथे पहिल्यांदा पाहिल्या. पोरगा कणकेचा दोर दोन्ही हातांनी ताणतो, मधोमध दुमडतो, पुन्हा ताणतो, ओट्यावर आपटतो. एकाच्या दोन, दोनाच्या चार. आठ वेळा दुमडलं की 256 धागे. कणीक हातात तुटत नाही, कारण ती आधी बराच वेळ मुरवलेली असते. आमच्याकडे पाटावर शेवया वळणाऱ्या आजीला हा पोरगा आवडला असता. त्याच्या आपटण्यावर मात्र तिने नाक मुरडलं असतं.

बोन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ आहे, 4 जुलै 1977ला प्रतिष्ठापना झालेलं. दाक्षिणात्य पद्धतीचं. नवऱ्याचं इथे खरं माहेर म्हणजे तळघरातलं कँटीन. नंबर पुकारतात, आपण ट्रे उचलायचा. डोशाचं टोक ट्रेच्या बाहेर, सांबारात शेवग्याची शेंग, शेजारच्या टेबलावर दोन चिनी कॉलेजकुमारी चटणी संपवून पुन्हा मागताहेत. तीन महिन्यांत नवरा इथे अकरा वेळा आला. त्याच रस्त्यावर जॉन बोनचं सतराव्या शतकातलं घर उभं आहे. 1657 साली इथल्या तीस रहिवाशांनी डच गव्हर्नरला लेखी कळवलं, की क्वेकरपंथीयांना छळायचा हुकूम आम्ही पाळणार नाही. सह्या करणाऱ्यांत स्वतः क्वेकर कोणीच नव्हता. पुढे बोनने घरात त्यांची प्रार्थना भरवली म्हणून त्याला पकडलं. त्याच्या नावाच्या रस्त्यावर देऊळ, गुरुद्वारा, सिनेगॉग आणि चर्च. डोशाच्या वासात हे आठवतंच असं नाही, पण घरासमोरून जाताना नवरा प्रत्येक वेळी पाटी पुन्हा वाचायचा.

आणि हो, स्वातंत्र्यदेवता. परतल्यावर पहिला प्रश्न तिचाच असतो. स्टेटन आयलंडची केशरी बोट तिच्या समोरून जाते. पंचवीस मिनिटं, 1997पासून तिकीट नाही. जाताना उजवीकडच्या कठड्याशी उभं राहायचं. पाहिली. छान आहे. पलीकडे श्रीलंकेच्या लोकांची वस्ती आहे, तिथला मातीच्या भांड्यांतला फणसाचा रस्सा मला जास्त आठवतो.

*

निघायच्या दिवशी बॅगांच्या काळजीने झोप लागेना. पाचलाच उठले. अंधार होता, स्टेशनखालचे दिवे पिवळे, रांगेत सगळे पुरुष, पायांत सिमेंट लागलेले बूट, काखेत हेल्मेट. बाईने फडकं बाजूला केलं, वर पाहिलं आणि माझ्याआधी तीच म्हणाली, "राहास."

दोन घेतले. एक तिथेच, खांबाला टेकून खाल्ला. चीज अजून ताणलं जात होतं, मिरची सरळ डोक्यात गेली. मी बाईला काहीतरी म्हणाले, तीही काहीतरी म्हणाली, पण वरून गाडी चालली होती.